वरच्या वाडीचे पाहुणे

पाहुणे गेले की खोलीत काय काय राहून जातं! मोबाईलचा चार्जर, एका पायातला मोजा, अर्धी टूथपेस्ट. एकदा तर एका काकांची दातांची कवळी राहिली होती. वस्तू कुरिअरने परत पाठवता येतात. किस्से पाठवता येत नाहीत, ते आमच्याकडेच साचत जातात. मग कधी महाडच्या बाजारात, कधी पोलादपूरच्या स्टँडवर कुणीतरी ओळखीचं भेटतं, चहा मागवतं आणि विचारतं, "काय विलासभाऊ, होमस्टे कसा काय चाललाय?" मी म्हणतो, "बरा चाललाय." पण तेवढ्यावर भागत नाही. दुसरा चहा मागवावाच लागतो!

आधी माणसं सांगतो, म्हणजे गोंधळ नको. पोलादपूरजवळच्या कापडे गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराला टेकून आमची वाडी. मी विलास. मुंबईत एका छापखान्यात होतो, छापखाना बंद पडला तसा घरी परत आलो. सुलभा माझी बायको. होमस्टे ती चालवते, मी फोन उचलतो. शेजारी भिकूअण्णा. वय बरंच झालंय, बायको वारली, मुलगा मुंबईला, तरी भाताची खाचरं अजून स्वतः करतात. आणि महाडचे नजीरभाई. आखातात कित्येक वर्षं ड्रायव्हर होते, आता स्वतःची बोलेरो आहे. पाहुण्यांना वीर स्टेशनवरून आणायचं, रायगडाला न्यायचं, परत गाडीत बसवून द्यायचं, हे त्यांचं काम. अशी ही आमची चौघांची कंपनी.

*

सुरुवात झाली ती पोलादपूरच्या एका शिबिरात. विषय होता ग्रामीण पर्यटनाचा विकास. गावोगावची माणसं बोलावलेली, चहा-बिस्किटं, प्रोजेक्टर, सगळं व्यवस्थित. साहेबही चांगले होते, कळकळीने बोलत होते. म्हणाले, "प्रत्येक गावाची एक युएसपी असते. म्हणजे असं काहीतरी, जे फक्त तुमच्याकडे आहे. ते शोधा!"

मग एकेक गाव उभं राहायला लागलं. कुणी धबधबा सांगितला, कुणी जुनं देऊळ, कुणी किल्ला. उमरठवाल्यांना तर काही सांगावंच लागलं नाही, नरवीरांची समाधी त्यांच्या गावात. नुसतं नाव घेतलं आणि टाळ्या पडल्या.

आमची पाळी आली. मी अण्णांना पुढे केलं.

"आमच्या वाडीत काय नाय, साहेब," अण्णा म्हणाले.

"असं कसं? काहीतरी असेलच. नीट आठवा."

अण्णांनी खरंच आठवलं. मग म्हणाले, "बंद घरं हायत. मानसं सगळी मुंबैला. कुत्री व्हती, तीपन खालच्या वाडीला गेली, भाकरी टाकायला कुनी नाय म्हनून. दिवसभर कुनाचा आवाज नाय."

अख्खा हॉल हसला. साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी मार्कर उचलला आणि फळ्यावर आमच्या वाडीच्या नावापुढे मोठ्या अक्षरात एकच शब्द लिहिला.

परत येताना एसटीत अण्णांनी विचारलं, "इलास, काय लिवलान रे त्यानी फळ्यावर?"

"शांतता, अण्णा. मुंबई-पुण्याच्या लोकांना शांतता पाहिजे असते. ती आपल्याकडे आहे."

 कापड्याचा स्टॉप आला तेव्हा अण्णा उठता उठता म्हणाले, "पोरं व्हती तवा काय गोंगाट व्हता वाडीत! तवा कुनी आला नाय बघायला."

*

आमचे पहिले पाहुणे ठाण्याचे. नवरा, बायको आणि नवऱ्याचे वडील. बायकोने फोनवर आधीच सांगून ठेवलं होतं, "आमच्या बाबांना भरवावं लागतं हं. आई गेल्यापासून ते स्वतःच्या हाताने जेवतच नाहीत. आजारी वगैरे नाहीत, चालतात-फिरतात. पण ताट पुढे ठेवलं की नुसते बघत बसतात."

सुलभाला निराळंच टेन्शन. "अहो, शहरातली माणसं. नाचणीची भाकरी नि पिठलं वाढलं तर नावं ठेवतील." तिने मला महाडला पिटाळलं आणि पनीर आणायला लावलं. मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून तिने ती लाल ग्रेव्ही केली. मी चव घेतली. वर तांब्याभर पाणी प्यायलो.

पाहुणे ओटीवर जेवायला बसले. "छान झालंय हं, ताई," म्हणत दोघं जपून जपून खात होती. बाबांच्या पुढचं ताट तसंच. सूनबाईंनी दोन घास भरवले, तिसऱ्याला त्यांनी तोंड फिरवलं आणि उठून हात धुवायला म्हणून आत गेले.

गेले ते परत येईनात! पाच मिनिटं झाली, दहा झाली. मुलगा घाबरून उठला. त्याच्यामागे सून, सुनेच्या मागे मी.

आत चुलीपुढे बाबा मांडी घालून बसले होते. सुलभाने स्वतःसाठी वाढून ठेवलेलं ताट त्यांच्या पुढ्यात होतं. नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, कांदा. भाकरीचा तुकडा मोडायचा, पिठल्यात बुडवायचा, तोंडात घालायचा. शांतपणे चाललेलं. सुलभा भिंतीला चिकटून उभी, चेहरा लालबुंद, जणू हिनेच काही चोरी केलीय.

"बाबा, अहो ते ताट त्यांचं..." मुलगा बोलायला लागला.

सुनेने त्याचा दंड धरला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. हळूच म्हणाली, "थांबा. काही बोलू नका. हाताने जेवतायत."

आम्ही सगळे दारात उभे राहिलो. बाबांनी भाकरी संपवली, ताटात हात धुतला आणि सुलभाकडे बघून म्हणाले, "मीठ अगदी बरोबर पडलंय."

पनीर पुढे दोन दिवस आम्हीच खाल्लं. त्यानंतर सुलभाने माझ्याकडून ते कधी आणवलं नाही.

*

नजीरभाईंचा किस्सा मी जपून सांगतो, कारण ते स्वतः कधी सांगत नाहीत.

मुंबईचं एक कुटुंब आलं होतं. मुलगा, सून, नातवंडं आणि आजी. वीर स्टेशनवर गाडीत बसले, गप्पा चालू झाल्या. मुलाने सहज विचारलं, "तुमचं नाव काय?"

"नजीर."

मग गप्पा थांबल्या. थोड्या वेळाने मला त्या मुलाचा फोन. आवाज अगदी हळू. "विलासराव, उद्या गडावर जायला दुसरा ड्रायव्हर मिळेल का?"

"का हो? गाडी जोरात चालवतात का?"

"छे छे, गाडी उत्तम चालवतात."

"मग?"

फोन कट!

दुसरा ड्रायव्हर कुठून आणणार? सकाळी नजीरभाईच त्यांना घेऊन निघाले. हिरकणीवाडीला पोचले तर वाऱ्यामुळे रोपवे बंद. नातवंडांनी रडारड केली. शेवटी सगळ्यांनी पायऱ्यांनी चढायचं ठरवलं. पण आजींचं काय? गुडघे धरलेले, पायांना सूज. त्यांना एकटं कुठे ठेवणार?

"तुमी जावा," नजीरभाई म्हणाले. "मी हाय."

मुलाचा चेहरा बघण्यासारखा झाला असणार. पण दुसरा इलाज नव्हता. गेले.

उतरले तेव्हा उन्हं कलली होती. सगळे धावत-पळत आजींना शोधायला लागले. गाडीत आजी नाहीत! मग सून ओरडली, "अहो, त्या बघा!" एका खानावळीच्या मांडवात आजी खुर्चीवर आरामात बसल्या होत्या. पाय गरम पाण्याच्या घमेल्यात. खानावळवाल्या बाईंकडून नजीरभाईंनी पाणी तापवून घेतलं होतं, त्यात मीठ टाकलं होतं आणि शेजारी स्टुलावर बसून ते आजींचं माहेर ऐकत होते. सांगता सांगता आजी माहेरच्या विहिरीपर्यंत पोचल्या होत्या. त्याआधी झुणका-भाकर झाली होती, ताक झालं होतं, एक डुलकीही झाली होती.

मुलाला बघून आजी म्हणाल्या, "एवढ्यात कशाला आलात?"

दुसऱ्या दिवशी वीरला सोडताना त्या मुलाने नजीरभाईंचा हात दोन्ही हातांत धरला. काहीतरी बोलायचं होतं त्याला, पण गाडी आली.

संध्याकाळी नजीरभाई आमच्या पडवीत चहा घेत बसले होते. आजींनी सुलभाला फोन करून सगळं सांगितलं होतं. सुलभा म्हणाली, "नजीरभाई, स्वतःच्या आईचं करावं तसं केलंत तुम्ही."

नजीरभाईंनी चहाचा घोट घेतला. मग म्हणाले, "वहिनी, माझी अम्मा गेली तवा मी तिकडं व्हतो. मालकाच्या आईला रोज दवाखान्यात न्यायचो. व्हीलचेअर काढायची, तिला बसवायची, पायात चपला घालायच्या. त्या दिवशीपन तेच करत व्हतो. घरून फोनवर फोन येत व्हते. फोन गाडीत व्हता."

कप खाली ठेवला आणि फडकं घेऊन गाडी पुसायला गेले. गाडी त्यांनी दुपारीच धुतली होती.

*

मधे दोन वर्षं आम्ही भातलावणीचा कार्यक्रम ठेवायचो. शहरातल्या लोकांनी यायचं, चिखलात उतरायचं, रोपं लावायची, घरी जाऊन अंघोळ करायची. अण्णांचं खाचर त्यासाठी घेतलेलं. आयटी कंपनीतली एक पलटण आली. काय धमाल! कुणी चिखलात बसतंय, कुणी दुसऱ्याला पाडतंय, फोटो, रील, आरडाओरडा. रोपं कुठेही, कशीही. काही तर आडवीच!

पलटण गेली आणि अण्णा पाण्यात उतरले. सगळी रोपं उपटून पुन्हा सरळ लावायला लागले. मी म्हटलं, "अण्णा, हे दुप्पट काम झालं. त्यांना जरा ओरडायचं ना!"

"हसत व्हती रे पोरं," अण्णा म्हणाले. "कशाला ओरडू?"

एका कोपऱ्याला मात्र त्यांनी हात लावला नाही. तिथे निखिल नावाच्या एका तरुणाने लावणी केली होती. त्याने फोटो काढले नव्हते. अण्णांचे हात बघून बघून, सावकाश, शेवटपर्यंत एकटाच लावत राहिला होता. ओळ वाकडी होती. पण रोपं उभी होती.

दिवाळीच्या आधी मला त्याचा फोन आला. "काका, अण्णा आहेत का? त्यांना विचारायचं होतं, माझा भात कापायला आला का?"

मी पळत जाऊन अण्णांना फोन दिला. अण्णांना वाटतं, माणूस लांब असेल तर मोठ्याने बोलावं लागतं. दोन्ही हातांनी फोन धरून ओरडले, "आलाय! लोंब्या भरल्यात! लई बेस झालाय तुझा भात! ये कापायला!"

फोन झाला. अण्णांचा चेहरा असा फुललेला मी कितीतरी दिवसांत बघितला नव्हता. म्हणाले, "इलास, आमच्या बाल्याला लाव जरा फोन."

मी त्यांच्या मुलाला फोन लावून दिला.

"बाल्या, भात कापायला आला रे," अण्णा म्हणाले. मग ऐकत राहिले. मला पलीकडचं ऐकू येत नव्हतं. फार काही बोलणं झालं नसावं. अण्णांनी फोन कानावरून काढला, त्याच्याकडे बघितलं आणि मला परत दिला.

"रेंज गेली वाटतं," म्हणाले.

मी फोन बघितला. रेंज फुल होती.

*

सुलभाच्या बचत गटाला एकदा अभ्यास दौरा मिळाला. दापोलीकडे एक होमस्टे बघायला जायचं, मुक्काम करायचा, शिकून यायचं. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माहेर सोडून ती कुठे मुक्कामाला गेली नव्हती. जाताना मला डबे दाखवून गेली, हे पीठ, हे तिखट, ही डाळ.

परत आल्यावर मी विचारलं, "काय शिकलीस?"

"टॉवेलच्या घड्या कशा घालायच्या ते दाखवलं. बाथरूममध्ये हुक जास्त पाहिजेत म्हणाल्या. आणि पाहुण्यांना पाणी विचारायचं नाही, नेऊनच द्यायचं."

एवढं सांगून पदर खोचून स्वयंपाकाला लागली. मी आपलं हुक कुठे लावायचे त्याचा विचार करायला लागलो. जेवणं झाली, भांडी झाली, मग तिने आपणहून विषय काढला.

"सकाळी नेहमीसारखी जाग आली मला. बाकीच्या झोपल्या होत्या. मी उठून सरळ त्यांच्या स्वयंपाकघरात गेले. त्या बाई एकट्याच पीठ मळत होत्या. म्हटलं, द्या, मी भाकऱ्या टाकते. तर त्यांनी माझं मनगट धरलं हो! म्हणाल्या, बाई, हात धुवा नि बाहेर जाऊन बसा."

"मग?"

"बसले. पडवीत. हातांचं काय करायचं तेच कळेना. मग त्यांनी चहा आणून दिला. न मागता."

"आपणपण पाहुण्यांना न मागताच देतो की," मी म्हटलं.

"तेच तर म्हणते मी," सुलभा म्हणाली आणि दिवा मालवायला उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा टाकला. साखरेचा डबा सापडायला वेळ लागला, दूधही जरा उतू गेलं. कप नेऊन तिच्या हातात दिला. ती अंथरुणावर उठून बसली होती, केस मोकळे होते. तिने दोन घोट घेतले.

"आलं फार झालंय," म्हणाली.

मी कप घ्यायला हात पुढे केला, तर कप सोडेना!

"राहू दे. उद्या कमी घाला."

*

वाडीच्या मागच्या उतारावर भेग पडली त्या वर्षापासून पावसाळ्याचं सगळं बदललं. तपासणीला माणसं आली, त्यांनी डोंगर बघितला, घरं बघितली आणि सांगितलं की पावसाळ्यात इथे राहायचं नाही. तेव्हापासून पाऊस धरला की आम्ही सगळे खाली, कापड्याच्या शाळेत. गुरंसुद्धा खाली. होमस्टे बंद, भातलावणीचा कार्यक्रमही बंद.

पण फोन नेमके तेव्हाच येतात! "धबधबे चालू झाले का? ढग खाली येतात का? खिडकीतून व्हॅली दिसते का?" मी प्रत्येकाला सांगतो, आम्ही दसऱ्याला उघडतो. बहुतेक लोक समजून घेतात. एक गृहस्थ मात्र ऐकेचनात.

"अहो, आम्ही ट्रेकर आहोत. काही झालं तर आमची जबाबदारी. आम्ही रिस्क घ्यायला तयार आहोत!"

सुलभा शेजारी तांदूळ निवडत होती. तिने माझ्या हातातून फोन घेतला.

"दादा, तुम्ही रिस्क घ्याल. पण पडलात तर दोर बांधून खाली कोण उतरणार? आमचीच माणसं. हे शेजारी बसलेत ना, हे उतरतात. त्यांच्या बायकोला विचारा, ती रिस्क घेते का."

पलीकडचा आवाज एकदम उतरला.

"सॉरी, ताई."

"दसऱ्यानंतर या. घावने करीन."

दिवाळीच्या सुट्टीत एक जोडपं आलं. चप्पल काढायच्या आधीच तो माणूस सुलभाला हात जोडून म्हणाला, "ताई, तो रिस्कवाला मीच!"

त्याला घावने मिळाले. आम्हाला कधी मिळत नाहीत इतके पातळ!

*

सुलभा फोनवर बोलली ते खरंच आहे. पोलादपूरवरून महाबळेश्वरला घाट चढतो, आणि घाटात काही झालं की आसपासच्या गावांतली माणसं दोर घेऊन निघतात. मीही जातो. अण्णा दरीत उतरत नाहीत आता, पण वर येऊन उभे राहतात. झाडाला बांधलेल्या दोराच्या गाठीवर हात ठेवून. गाठ त्यांच्या हाताखाली असली की आम्हाला बरं वाटतं.

भेग पडायच्या बऱ्याच आधी, एका पावसाळ्यात एक मोटरसायकल खाली गेली. एकटाच होता, कॉलेज नुकतंच संपलं असेल एवढ्या वयाचा. आम्ही त्याला वर घेतला तेव्हा श्वास चालू होता, पण अंग बर्फासारखं गार. अण्णांनी डोक्यावरची घोंगडी काढली आणि त्याला गुंडाळली. ती तशीच अॅम्ब्युलन्समधून गेली. हॉस्पिटलमध्ये तो वाचला नाही, हे आम्हाला मागाहून कळलं. अण्णांनी उरलेला सगळा पाऊस खताची प्लॅस्टिकची गोणी डोक्यावर घेऊन काढला. घोंगडीचं नाव काढलं नाही.

पुढच्या वर्षी नवरात्रात एक बुकिंग आलं. "एकच माणूस. एक दिवस. जेवण काहीही चालेल."

ते गृहस्थ कापड्यापर्यंत एसटीने आले आणि चालत वर चढले. खांद्याला मोठी बॅग. पाहुणे आले की आधी डोंगर बघतात, मोबाईल काढतात. यांनी काहीच बघितलं नाही. पडवीत बसले, पाणी प्यायले आणि विचारलं, "इथे भिकू नावाचे कोणी राहतात का? हॉस्पिटलमध्ये कोणीतरी हे नाव सांगितलं होतं."

मी खाचराकडे जाऊन अण्णांना बोलावून आणलं. अण्णा आले ते गुडघ्यापर्यंत चिखलात. गृहस्थ उठून उभे राहिले. बॅग उघडून त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट घडी करून ठेवलेली घोंगडी बाहेर काढली. काळी, एका कोपऱ्याला लाल दोऱ्याचे टाके. ते टाके अण्णांच्या बायकोने घातलेले, वाडीत सगळ्यांच्या ओळखीचे.

"आमच्या मुलाबरोबर आली होती ही," ते म्हणाले. "त्याच्या आईने धुतली. कपाटात ठेवली होती, डांबराच्या गोळ्या घालून. रोज कपाट उघडून बघायची. परवा मला म्हणाली, कुणाच्या तरी घरची आहे ती. देऊन या."

अण्णांनी हात धोतराला पुसले. घोंगडी घेतली आणि मांडीवर ठेवून खाली बसले. गृहस्थही त्यांच्यासमोर बसले, जमिनीवरच. सुलभा आतून चहा घेऊन आली होती, ती दारातच थांबली.

"पोराचं नाव काय व्हतं?" अण्णांनी विचारलं.

"अमेय."

"वर घेतला तवा डोळे उघडे व्हते त्याचे," अण्णा म्हणाले. "माझ्याकडं बघितलान. मी त्याला म्हनलं, बाबा, वर आलास आता, घाबरू नको."

"काही बोलला का?"

अण्णांनी घोंगडीच्या टाक्यांवरून बोट फिरवलं. मी त्यांच्याकडे बघत होतो.

"नाय," अण्णा म्हणाले. "बोलला नाय. पन बघत व्हता. गाडीत घालेपर्यंत माझ्याकडंच बघत व्हता."

गृहस्थांनी मान हलवली. एकदा, दोनदा.  चहा गार झाला, सुलभाने तो नेऊन पुन्हा गरम करून आणला.

दुपारी आभाळ भरून आलं. परतीचा पाऊस, भात पोटरीत आलेला, लोंब्या फुटायच्या बेतात. सरी सुरू झाल्या तसे अण्णा उठले. "पानी काढून द्यायला पायजे रे, इलास. नायतर भात आडवा व्हईल." त्यांनी मांडीवरची घोंगडी झटकली. दोन डांबरगोळ्या घरंगळत पडवीभर गेल्या. अण्णांनी कोपरा दुमडून तिची खोळ केली आणि डोक्यावर घेतली.

गृहस्थ एकदम अर्धवट उठले. "अहो, भिजेल ती!"

अण्णा पायरीवरून मागे वळले.

"भिजंल की," ते म्हणाले. "घोंगडी हाय ती."

आणि पावसात उतरले.